हार्डवेअर सॅम्पलरमध्ये बिट डेप्थने खरोखर किती फरक पडतो?

संबळ_पॅड (पुणे)

नमस्कार.

मी गेली 11 वर्षे एका वाद्यवृंदात ऑक्टोपॅड वाजवतो. आमच्या कार्यक्रमात गोंधळ, भारूड, पोवाडा आणि शेवटी भैरवी असा क्रम असतो. प्रत्येक दौऱ्यावर संबळ, हलगी आणि टाळ वाजवणारे कलाकार सोबत नेणे खर्चाच्या दृष्टीने परवडत नाही, त्यामुळे ही वाद्ये मी स्वतः ध्वनिमुद्रित करून सॅम्पलिंग पॅडमध्ये (मुद्रित आवाज साठवून पॅडवरच्या ठोक्यासरशी वाजवणाऱ्या यंत्रात, म्हणजेच सॅम्पलरमध्ये) भरून ठेवली आहेत.

मागील महिन्यात तुळजापूरला एका ज्येष्ठ गोंधळी काकांकडे बसून त्यांचा संबळ आणि टाळ मुद्रित केले. रात्री सगळीकडे सामसूम झाल्यावर, पंखा बंद करून काम केले. रेकॉर्डर 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर ठेवला होता आणि टाळाचा आवाज फाटू नये म्हणून गेन (मुद्रणाची पातळी) बराच खाली घेतला होता. घरी आल्यावर संगणकावर मागची बारीक सुसू (सतत येणारा 'स्स्स' असा गोंगाट) काढून टाकली, एकेक ठोका वेगळा कापला आणि माझ्या पॅडला चालतात तशा 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झच्या फाइली करून ठेवल्या. त्या पॅडवर फारच लहान वाजत होत्या, म्हणून पुन्हा संगणकावर उघडून नॉर्मलाइज केल्या, म्हणजे सर्वांत मोठा ठोका कमाल पातळीजवळ येईल इतका सगळा आवाज वाढवला.

अडचण अशी आहे की टाळाचा ठोका उत्तम येतो, परंतु त्याची आस (ठोक्यानंतर रेंगाळणारा नाद) विरत जाते तेथे शेवटी वाळूवर पाय घासल्यासारखी खरखर ऐकू येते, आणि मग आस हळूहळू संपण्याऐवजी एकदम तुटते. स्पीकरवर हे फारसे लक्षात येत नाही, हेडफोनवर मात्र स्पष्ट कळते. मी ज्या दुकानातून वाद्ये घेतो तेथील विक्रेत्याने सांगितले की दोष 16 बिटचा आहे आणि 24 बिटचे नवे यंत्र घेतल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही. त्यासाठी जुने पॅड देऊन वर सुमारे 40,000 रुपये घालावे लागतील. काकांचे वय झाले आहे आणि त्यांच्या हातची ही वाजवणूक पुढे जशीच्या तशी राहावी असे मला मनापासून वाटते, त्यामुळे खर्च करायचीही तयारी आहे. परंतु खर्च योग्य जागी व्हावा. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ध्वनिमुद्रक_नाशिक

आपण कामाचा क्रम इतका नीट लिहिला आहे की दोष कोठे शिरला हे आपल्या मजकुरातूनच दिसते. 16 बिटचे पॅड बदलण्याची गरज नाही. मात्र "16 बिट पुरेसे आहे" एवढे सांगून थांबलो तर आपल्या कानांनी जे अचूक पकडले आहे त्याच्यावर अन्याय होईल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बिट डेप्थ म्हणजे आवाजाचा प्रत्येक नमुना मोजताना वापरलेला काटा किती बारीक आहे ते. 8 बिटच्या काट्यावर 256 खुणा असतात, 12 बिटच्या काट्यावर 4,096, 16 बिटच्या काट्यावर 65,536 आणि 24 बिटच्या काट्यावर 1,67,77,216. खरे माप दोन खुणांच्या मध्ये पडले की ते जवळच्या खुणेवर ढकलले जाते आणि तेवढी चूक आवाजात मिसळते. भाजीवाल्याच्या काट्यावर 5 किलो बटाटे तोलताना 10 ग्रॅमची चूक कोणाच्या लक्षातही येत नाही, पण त्याच काट्यावर चिमूटभर केशर ठेवले तर काटा हलणारसुद्धा नाही. त्यासाठी सराफाचा काटा लागतो. आपला टाळाचा ठोका म्हणजे बटाटे आहेत आणि त्याची आस म्हणजे केशर आहे. बिट कमी पडल्याचे नुकसान नेहमी आसेतच प्रथम ऐकू येते, ठोक्यात नव्हे, आणि आपण नेमके तेच वर्णन केले आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. बिट कमी असले की आवाजाची लहर पायऱ्यापायऱ्यांची होऊन बाहेर पडते, असे चित्र जाहिरातींतून दाखवले जाते. नीट बांधलेल्या यंत्रात बाहेर जाण्यापूर्वी फिल्टर असतो आणि स्पीकरकडे जाणारी लहर गुळगुळीतच असते. बिट डेप्थने ठरते ती फक्त तळाच्या गोंगाटाची पातळी. प्रत्येक बिटमागे साधारण 6 डेसिबल मिळतात. त्यामुळे सर्वांत मोठा आवाज आणि तळाचा गोंगाट यांतले अंतर 8 बिटमध्ये सुमारे 50 डेसिबल, 12 बिटमध्ये 74 आणि 16 बिटमध्ये 98 इतके भरते. 24 बिटचे गणित 146 वर जाते. परंतु प्रत्यक्षातले चांगले कन्व्हर्टरसुद्धा (आवाजाचे आकड्यांत आणि आकड्यांचे आवाजात रूपांतर करणारे भाग) 120 च्या आसपास थांबतात, कारण त्याखाली इलेक्ट्रॉनिक सर्किटचा स्वतःचाच गोंगाट असतो.

आता आपल्या फाइलीकडे येऊ. गेन खाली होता म्हणता. मूळ फाइलीत टाळाचे सर्वांत मोठे शिखर किती डेसिबलवर आहे ते कृपया पाहून सांगा. ते उणे 30 च्या, म्हणजे यंत्राला पेलणाऱ्या कमाल पातळीच्या 30 डेसिबल खालच्या खुणेच्याही खाली असेल, असा माझा अंदाज आहे.

संबळ_पॅड (पुणे)

सर, तपासले. सर्वांत मोठा ठोका उणे 34 वर आहे. बाकीचे त्याहून खाली आहेत.

ध्वनिमुद्रक_नाशिक

मग हिशेब सरळ आहे. 34 ला 6 ने भागले तर वरचे साडेपाच बिट रिकामेच राहिले. 24 बिटच्या मूळ फाइलीत त्याने काहीही बिघडले नाही, कारण खाली भरपूर जागा होती. पण आपण ती फाइल त्याच पातळीवर 16 बिटमध्ये उतरवली, तेव्हा टाळाच्या वाट्याला जेमतेम साडेदहा बिट आले. त्यानंतर नॉर्मलाइज केल्यामुळे ठोका 34 डेसिबलने वर आला आणि त्याच्याबरोबर गोल केलेल्या मापांची चूकही तेवढीच वर आली. ठोक्यापेक्षा आस सुमारे 60 डेसिबलने खाली गेली की ती शेवटच्या एका खुणेच्याही आत जाते आणि यंत्र तेथे शून्य लिहिते. आस तुटते ती याच जागी. त्याच्या थोडे आधी लहर दोन-तीन खुणांमध्येच वर-खाली करत असते. ती आपली वाळूची खरखर.

दुसरी गोष्ट थोडी विचित्र वाटेल. आपण काढून टाकलेली सुसू या ठिकाणी आपल्याला मदत करत होती. मागे बारीक, अनियमित गोंगाट असला की मापाची चूक आवाजाच्या चालीला चिकटून राहत नाही, ती विखुरली जाते, आणि खरखरीऐवजी नुसती मंद सळसळ ऐकू येते. म्हणूनच बिट कमी करताना मुद्दाम एक अतिशय बारीक गोंगाट मिसळतात. त्याला डिदर म्हणतात. डिदर घातलेल्या 16 बिट फाइलीत आस शेवटच्या खुणेच्या खाली गेली तरी ती सळसळीच्या आतून ऐकू येत राहते, तुटत नाही. आपण सुसू काढलीत, डिदर घातले नाही, आणि वर पातळी खाली होती. तिन्ही एकत्र आल्यामुळे हा परिणाम झाला.

आपली 24 बिटची मूळ फाइल शाबूत असेल तर काहीही गेलेले नाही. ती 24 बिटमध्येच उघडावी, सुसू काढायची असल्यास अर्धीच काढावी, नॉर्मलाइज करून शिखर उणे 1 वर आणावे, 44.1 किलोहर्ट्झचा बदल करावा, आसेचा शेवट फेड-आउट करावा (हळूहळू शून्यावर न्यावा), आणि हे सर्व संपल्यावर अगदी शेवटी डिदर चालू ठेवून 16 बिटची फाइल करावी. त्यानंतर तिच्यावर कोणतीही प्रक्रिया करू नये.

जर्सी_सिटीकर

नाशिककरांनी आपल्या प्रश्नाचे उत्तर दिलेच आहे. मी त्याची दुसरी बाजू मांडतो, कारण कमी बिटचा आवाज मुद्दाम हवा असणारे आमच्यासारखे लोकही आहेत आणि त्यांच्यातही याविषयी बराच गोंधळ आहे.

माझ्याकडे ई-म्यू कंपनीचा एसपी-1200 हा जुना सॅम्पलर आहे. हे यंत्र 1987 साली आले; 12 बिट, 26.04 किलोहर्ट्झ, आणि सगळी मिळून 10 सेकंदांची जागा, तीही अडीच-अडीच सेकंदांच्या तुकड्यांत. न्यूयॉर्कमधल्या हिप-हॉप निर्मात्यांनी जुन्या रेकॉर्डवरचे ड्रम त्यात भरून जो भरीव, किंचित खरबरीत आवाज काढला, तो येथे आजही "12 बिटचा आवाज" म्हणून ओळखला जातो. मीदेखील कित्येक वर्षे तसेच मानत होतो.

नंतर याच काळातली आणखी दोन यंत्रे एका मित्राच्या स्टुडिओत शेजारी ठेवून ऐकण्याची संधी मिळाली: आकाईचे एमपीसी60 आणि एस950. दोन्ही 1988 ची आणि दोन्ही 12 बिटची. एकच स्नेअर ड्रमचा ठोका तिन्हींत भरला, तर तीन वेगवेगळे ठोके बाहेर आले. एस950 वरच्या सॅम्पल रेटला (सेकंदाला किती नमुने घ्यायचे तो वेग) ठेवला असता इतका स्वच्छ होता की मूळ रेकॉर्डशी तुलना करताना मला थांबून विचार करावा लागला. बिट जर तिघांचे सारखेच आहेत, तर फरक बिटमुळे पडलेला असणे शक्यच नाही.

फरकाची कारणे यंत्रांच्या पोटात आहेत. सॅम्पल रेटच्या निम्म्याहून वरचे सूर नोंदता येत नाहीत, आणि एसपी-1200 चा सॅम्पल रेट 26.04 किलोहर्ट्झ असल्यामुळे 13 किलोहर्ट्झच्या वरचे काहीच त्यात शिरत नाही. सूर खाली-वर करताना ते मधले नमुने हिशेबाने भरत नाही, सरळ एखादा नमुना पुन्हा वाजवते किंवा गाळते. त्यामुळे मूळ आवाजात नसलेले, धातूसारखे झणझणणारे सूर तयार होतात. शिवाय त्याच्या आठ आउटपुटपैकी शेवटच्या दोहोंवर फिल्टरच नाही, म्हणून ते सूर जसेच्या तसे बाहेर पडतात, तर पहिल्या दोहोंवरचा अॅनालॉग फिल्टर हाच आवाज पार मऊ करून टाकतो. एकच सॅम्पल आउटपुट 1 मधून आणि आउटपुट 8 मधून ऐकले तर ते एकाच यंत्रातून आले आहे यावर विश्वास बसत नाही. एस950 मात्र प्रत्येक आवाजाचा वाचनाचा वेगच बदलतो, त्यामुळे ती झणझण त्यात येत नाही. एमपीसी60 आपले 12 बिट समान अंतराच्या खुणांवर ठेवत नाही, लहान आवाजासाठी खुणा दाट असतात, म्हणून त्याची आस साध्या 12 बिटपेक्षा पुष्कळ बरी विरते.

त्या काळी कमी बिट हा सौंदर्याचा नव्हे, मेमरीच्या किमतीचा निर्णय होता. एमपीसी60 ची मूळ मेमरी 40 किलोहर्ट्झवर 13.1 सेकंदांत भरून जात असे. जागा वाचवण्यासाठी निर्माते 33 च्या गतीची रेकॉर्ड 45 वर फिरवून भरत आणि मग यंत्रात तिचा सूर खाली आणत. वेळ वाचायचा, पण एसपी-1200 मध्ये वरचे सूर आणखी छाटले जाऊन मूळ आवाजातले जेमतेम साडेनऊ किलोहर्ट्झपर्यंतचेच उरायचे, आणि सूर ताणल्यामुळे झणझण वाढायची. आज ज्याला लोक 12 बिटची ऊब म्हणतात, तिच्यातला मोठा वाटा या युक्तीचा आहे.

हे सांगण्याचे कारण असे की पुष्कळ नव्या यंत्रांत आणि प्लगइनमध्ये बिट कमी करण्याचे एक बटण दिलेले असते. नुसते तेवढे 12 वर आणले तर मोठ्या, दाबून भरलेल्या ड्रमवर जवळजवळ काहीच घडत नाही. सॅम्पल रेट खाली आणून पाहा, सूर चार स्वर खाली ओढून पाहा. मग लगेच कळेल की जुना आवाज कोठे दडलेला आहे.

कोल्हापूर_स्वरसाधना

दोन्ही प्रतिसाद वाचून समाधान वाटले. मी ध्वनिमुद्रण शिकवते, म्हणून विद्यार्थी नेहमी विचारतात त्या दोन मुद्द्यांची भर घालते.

पहिला मुद्दा असा की 24 बिट निरुपयोगी आहे असा अर्थ येथून कोणी काढू नये. मुद्रण करताना 24 बिटला पर्याय नाही, आणि संबळ_पॅड यांचे मुद्रण वाचले ते केवळ त्यामुळेच. गोंधळी कलाकार रंगात आला की पुढचा ठोका किती मोठा पडेल हे कोणालाच सांगता येत नाही. उणे 18 किंवा उणे 20 च्या आसपास पातळी ठेवून निर्धास्तपणे मुद्रण करता येणे, ही 24 बिटची खरी देणगी आहे. तुळजापूरच्या त्या रात्री रेकॉर्डर 16 बिटवर असता, तर उणे 34 ची ही फाइल नंतर कोणत्याही उपायाने सुधारली नसती. वाजवण्यासाठी मात्र, ठोका नीट भरलेला असेल तर, 16 बिट पुरतात. शांत खोलीतसुद्धा 30 डेसिबलचा गोंगाट असतो आणि जवळून वाजवलेला टाळ 110 च्या घरात जातो. म्हणजे आपल्या मुद्रणातच जेमतेम 80 डेसिबलचे अंतर आहे आणि ते 14 बिटमध्येही मावते. कान गोंगाटाच्या थोडे खालचे सूरही ओळखू शकतो, त्यामुळे अगदी काठोकाठ जाऊ नये. पण 16 बिटमध्ये तेवढी सवड आहे.

दुसरा मुद्दा यंत्राच्या आतल्या पुनर्मुद्रणाचा आहे. काही जण पॅडवर इफेक्ट लावून तोच आवाज पुन्हा पॅडमध्ये भरतात, मग त्यावर आणखी एक थर चढवतात आणि पुन्हा भरतात. 16 बिटच्या यंत्रात प्रत्येक फेरीला मापाची नवी चूक मिसळते. सारख्याच चुकांच्या दहा फेऱ्या झाल्या तर तळाचा गोंगाट सुमारे 10 डेसिबलने वर येतो. आठ पॅड एकत्र वाजले तर त्यांच्या तळाची बेरीज सुमारे 9 डेसिबलने वाढते. रंगमंचावर हे कळणार नाही, पण अल्बमसाठी काम करत असाल तर थर संगणकावर रचावेत आणि पॅडमध्ये फक्त शेवटची फाइल न्यावी.

यंत्र निवडताना मी बिटच्या आकड्याआधी त्याचा इनपुट तपासते. माइकचा प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारे सर्किट) सुसू करत असेल, तर त्याच्यापुढचे 24 बिट ती सुसूच अधिक बारकाईने मोजत बसतात.

संबळ_पॅड (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नाशिककर सरांनी सांगितलेल्या क्रमानेच काम केले. सुसू निम्मी राहू दिली, 24 बिटमध्येच पातळी उणे 1 पर्यंत आणली आणि डिदरसह 16 बिटची फाइल तयार करून पॅडमध्ये भरली. खरखर गेली. टाळाची आस शेवटपर्यंत जाते आणि जेथे ती संपते ती जागा आता बोट ठेवून दाखवता येत नाही.

खात्रीसाठी घरी एक चाचणी घेतली. 24 बिटची मूळ फाइल आणि तिचीच 16, 12 व 8 बिटची रूपे तयार केली. खालच्या दोन रूपांना मुद्दाम डिदर घातले नाही. पत्नी संगणकावर बसली आणि मी पाठ करून हेडफोनवर ऐकले. 24 आणि 16 मध्ये दहापैकी पाच वेळा बरोबर सांगितले, म्हणजे छापा-काट्याइतकेच. 12 बिटची फाइल दहाही वेळा ओळखली, पण केवळ आसेच्या अखेरीस. ठोक्यावरून एकदाही नाही. संबळाच्या बाबतीत मात्र 12 बिटसुद्धा मला ओळखता आले नाही, कारण संबळाचा नाद टाळाइतका लांबत नाही. 8 बिट सर्वत्र कळले. नंतर तोच टाळ ढोलकी आणि कीबोर्डच्या खाली ठेवून ऐकला, तेव्हा 12 बिटचीही खूण सापडली नाही.

जर्सी सिटीकरांचे वाचून हलगीची फाइल सॅम्पल रेट निम्मा करून आणि सूर थोडा खाली ओढून ऐकली. आमच्या पोवाड्याला ती शोभणार नाही, पण त्या खरबरीतपणाची ओढ का लागते ते मात्र समजले.

नवे यंत्र घेण्याचा विचार सोडला आहे. मूळ 24 बिटच्या फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवल्या आहेत. एक विचारायचे राहिले: काका पुन्हा बसायला तयार आहेत आणि यावेळी तुणतुणेही मुद्रित करायचे आहे. त्याच्या तारेची आस टाळापेक्षा बारीक असते आणि वाजवताना हात जवळच असतो, तर माइक साधारण किती अंतरावर धरावा?

कोल्हापूर_स्वरसाधना

वीतभर अंतरापासून सुरुवात करा आणि माइकचे तोंड तुणतुण्याच्या उघड्या बाजूकडे न ठेवता किंचित तारेकडे वळवा. पातळी उणे 18 पर्यंत येऊ द्या, उणे 34 वर ठेवू नका. आणि मुद्रणापूर्वी काका नुसते बसलेले असताना खोलीचा अर्धा मिनिट आवाज वेगळा घेऊन ठेवा. पुढे आस जोडताना तो उपयोगी पडेल.